एबीए, ईएसडीएम की फ्लोअरटाइम? लेकीसाठी थेरपी निवडतानाचं वर्ष

लेकीचा पहिला थेरपी-कार्यक्रम गेल्या महिन्यात पूर्ण झाला. ऑटिझमचं निदान झालं तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती, आता साडेतीनची आहे. निदानाच्या रिपोर्टवर शेवटी ‘लवकरात लवकर अर्ली इंटरव्हेन्शन सुरू करावे’ असं एक वाक्य होतं, म्हणजे लहान वयातच थेरपी सुरू करा. ते वाक्य वाचल्यापासून पहिलं सेशन सुरू होईपर्यंत कोणती थेरपी, किती तास, कुणाकडे आणि कशावरून ठरवायचं, याबद्दल आम्हाला मराठीत सलग लिहिलेलं काही सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. आम्ही काय वाचलं, काय पाहिलं आणि कशावरून ठरवलं, तेवढंच इथे आहे.

सुरुवात दीड वर्षाच्या तपासणीत झाली. बालरोगतज्ज्ञांनी एम-चॅट ही प्रश्नावली भरायला दिली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असलेले हे २० प्रश्न असतात, उत्तरं फक्त हो किंवा नाही. तुम्ही बोट दाखवलंत तर मूल तिकडे पाहतं का, आवडलेली गोष्ट दाखवायला तुमच्याकडे आणतं का, नावाने हाक मारली की वळतं का. काही प्रश्नांपाशी मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. हाक मारली तर ती वळायची नाही, पण आतल्या खोलीत तिच्या आवडीचं गाणं सुरू झालं की पहिल्याच सुराला धावत जायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “हे निदान नाही, ही नुसती चाळणी आहे. आधी कान तपासून घ्या आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या.” दोन्हीसाठी चिठ्ठ्या दिल्या.

कानाची बेरा चाचणी लवकर झाली. मूल गाढ झोपलेलं असताना डोक्याला छोटे इलेक्ट्रोड लावून ती करतात. त्यासाठी तिला पहाटेच उठवलं, दिवसभर झोपू दिलं नाही, आणि सगळ्यात जास्त जपलं ते जाताना वाटेत. वाटेत डुलकी लागली तर तिथे गेल्यावर मूल झोपत नाही आणि नवी तारीख घ्यावी लागते. कान व्यवस्थित निघाले. आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर एक सोपं कारण हातातून गेल्यासारखं वाटलं.

तज्ज्ञांची वेळ मिळाली ती चार महिन्यांनंतरची. हे चार महिने सगळ्यात कठीण गेले, आणि या काळाबद्दल दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. एक, रद्द झालेल्या वेळांची वेगळी यादी असते का ते विचारा आणि तिच्यात नाव घाला. आमची तारीख त्यामुळेच काही आठवडे अलीकडे आली. दोन, थेरपी सुरू करायला निदानाचा कागद लागतोच असं नाही. बोलणं उशिरा येतंय एवढ्यावर आमच्या स्पीच थेरपिस्ट ताईंनी काम सुरू केलं, आणि पुढे तेच काम निदानानंतर चालू राहिलं. याच काळात आम्ही मोबाइलवर लहान लहान व्हिडिओ काढून ठेवले: हाक मारल्यावरचा, एकटी खेळतानाचा, दुसरी मुलं आजूबाजूला असतानाचा, रडू अनावर होतं तेव्हाचा. तपासणीच्या खोलीत मूल वेगळंच वागतं. डॉक्टरांनी ते व्हिडिओ मागून घेऊन पाहिले.

असेसमेंट दोन भेटींत झालं. आधी भरायचा फॉर्म फार लांब होता. गरोदरपण, जन्माच्या वेळचे कागद, केव्हा बसली, केव्हा चालली, पहिला शब्द कोणता, आलेले शब्द गेले का. तारखा आठवत नसतील तर जुने फोटो आणि व्हिडिओ बघा, त्यांवर तारीख असते. आमच्या लेकीला वर्षाच्या आसपास आलेले दोन शब्द पुढे गेले होते, हे आम्हाला व्हिडिओंवरूनच नक्की कळलं. पहिल्या भेटीत एडीओएस-२ झाली. ही खेळता खेळता करायची चाचणी असते: साबणाचे फुगे, चेंडू, बाहुली, आणि तज्ज्ञ मध्येच थांबून मूल काय करतं ते टिपत राहतात. दुसऱ्या भेटीत आमच्याशी व्हाइनलँडची मुलाखत झाली, म्हणजे रोजच्या आयुष्यात ती स्वतःहून काय काय करते याची मोजणी. मग निदान.

रिपोर्टमध्ये एक ओळ होती, ‘दुसऱ्याच्या हाताचा साधनासारखा वापर करते.’ ती आमचा हात धरून न्यायची आणि हव्या त्या वस्तूवर ठेवायची. आम्हाला ते लाडाचं वाटायचं. लक्षणांच्या यादीत ते वाचून बायकोला फार लागलं. मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही. चार-पाच दिवसांनी ऑफिसला जाताना एकाएकी रडू आलं. हे लिहितोय कारण घरातल्या दोघांना एकाच वेळी सारखंच दुःख होत नाही, आणि त्यावरून आमच्यात उगाच ताण आला होता.

रिपोर्टखाली सुचवलेल्या थेरपींची नावं होती. बहुतेक इंग्रजी आद्याक्षरं. तिथून माझं रात्रीचं वाचन सुरू झालं.

सगळ्यात आधी कळलं ते हे, की एबीए ही एकच एक थेरपी नाही. वागणुकीच्या आधी काय घडतं आणि नंतर काय घडतं याचा अभ्यास करून शिकवण्याची ती शास्त्रशाखा आहे. तिच्या छत्राखाली बरंच काही येतं. टेबलाशी बसून एकेक छोटी कृती सूचना, प्रतिसाद, बक्षीस या क्रमाने पुन्हा पुन्हा करून घेतात ती डिस्क्रीट ट्रायल म्हणजे डीटीटी. कोगेल दाम्पत्याने विकसित केलेली पीआरटी खेळात, मुलाच्या आवडीच्या वस्तूंवर चालते. तिच्यात बक्षीस मागणीतूनच मिळतं: ‘बॉल’ म्हणण्याचा प्रयत्न केला की बॉलच मिळतो, खाऊ नाही. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांची ईएसडीएम अगदी लहान मुलांसाठी आहे. तिच्यात एबीएची शिकवण्याची पद्धत आणि बालविकासाचा क्रम यांची सांगड आहे. कॉनी कसारी यांच्या जॅस्परमध्ये एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देणं आणि लुटुपुटूचा खेळ यांवर भर असतो. २०१५ मध्ये अशा खेळातून शिकवणाऱ्या, वर्तन आणि विकास दोन्ही धरणाऱ्या पद्धतींना एनडीबीआय असं एकत्र नाव दिलं गेलं. स्टॅनली ग्रीनस्पॅन यांचं फ्लोअरटाइम एबीएच्या बाहेरचं. मूल जे करतंय त्यात आपण शिरायचं आणि देवाणघेवाण वाढवत न्यायची. एरिक शॉप्लर यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात उभी केलेली टीच ही पद्धत चित्रांचं वेळापत्रक आणि ठरलेली मांडणी यांतून मुलाला दिवसाचा अंदाज देते.

मग आकडे. एका सेंटरच्या माहितीपत्रकात ‘४७ टक्के मुलं सर्वसामान्य होतात’ असं छापलं होतं. हा आकडा आयव्हर लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातला आहे. आठवड्याला ४० तास, दोन किंवा अधिक वर्षं. १९ मुलांपैकी ९ मुलं नेहमीच्या शाळेत गेली आणि त्यांचा बुद्ध्यांक सरासरीच्या पातळीत आला. माहितीपत्रकात जे नव्हतं ते असं: मुलं कोणत्या गटात जातील हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, थेरपिस्ट उपलब्ध आहेत की नाहीत यावर ठरलं होतं. आणि त्या काळच्या त्या कार्यक्रमात जोरात ‘नाही’ ओरडणं, मांडीवर चापटी मारणं हेही शिकवण्याचा भाग होतं. १९ मुलांवरचा हा आकडा आजही आईबापांसमोर धरला जातो याचा मला मनापासून राग येतो. निदानानंतरच्या आठवड्यात माणूस असा आकडा नाकारू शकत नाही.

ईएसडीएमचा २०१० चा अभ्यास जास्त काटेकोर होता. १८ ते ३० महिन्यांची ४८ मुलं, चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट, दोन वर्षं. ईएसडीएम गटातल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी १७.६ गुणांनी वाढला, दुसऱ्या गटातल्यांचा ७ गुणांनी. थेरपिस्टचे आठवड्याला २० तास ठरले होते, प्रत्यक्षात सरासरी १५ च्या जरा वर झाले. हे वाचून मी ईएसडीएमच करायचं असं ठरवून टाकलं होतं. मग रॉजर्स यांच्याच गटाचा २०२१ चा अभ्यास वाचला. त्यांनी ८७ मुलांवर ईएसडीएम आणि पारंपरिक वळणाची सघन एबीए यांची समोरासमोर तुलना केली, आठवड्याला १५ तास विरुद्ध २५ तास अशीही केली. वर्षभरानंतर सरासरीत ना पद्धतीमुळे फरक दिसला, ना तासांमुळे. मिशेल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये १३० अभ्यास एकत्र करून पाहिले. चिठ्ठ्या टाकून केलेल्या चांगल्या अभ्यासांचा आधार एनडीबीआयला बऱ्यापैकी मिळाला, पारंपरिक एबीएवर तसे अभ्यासच फार थोडे निघाले. २०२४ मधल्या त्यांच्या विश्लेषणात थेरपीचे तास वाढले की परिणामही वाढतो, असा संबंध आढळला नाही.

त्या रात्री मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, “मग सगळं सारखंच आहे, असं म्हणायचंय का तुला?” मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण सरासरी सारखी निघाली म्हणजे आपल्या मुलीला कुठेही पाठवलं तरी चालेल असं होत नाही. आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच होता, की नावाच्या आणि तासांच्या मागे घाबरून धावायचं कारण उरलं नाही. आता खोलीत प्रत्यक्ष काय चालतं ते बघायचं होतं.

त्याच सुमारास आम्ही ऑटिस्टिक मोठ्या माणसांनी लहानपणीच्या थेरपीबद्दल लिहिलेलं वाचलं. बायकोने आधी वाचलं, मग मला दिलं. जबरदस्तीने नजरेला नजर द्यायला लावणं, हात फडफडवले की ते खाली धरणं, सांगितलेलं ऐकलं तरच आवडती वस्तू मिळणं, आणि ‘नको’ म्हटलेलं कधीच ऐकलं न जाणं. यातून पुढे कुणालाही नकार देता येत नाही आणि असं मूल सहज कुणाच्याही हाती सापडतं, हा त्यांचा मुद्दा आम्हाला हलवून गेला. मुलीच्या आईबापांना तर तो जास्तच लागतो. त्या दिवशी बायकोने ठरवलं, आपण जिथे जाऊ तिथे एक प्रश्न विचारायचा: “ती नको म्हणाली तर तुम्ही काय करता?”

पुढच्या दीड-दोन महिन्यांत आम्ही सेंटर्स पाहिली. त्या प्रश्नाच्या उत्तरांनी जेवढा उलगडा झाला तेवढा कुठल्याच माहितीपत्रकाने केला नाही.

एका ठिकाणी आठवड्याला ४० तास घ्या, नाहीतर हे वय हातचं जाईल, असं सांगितलं गेलं. सेशन बघू देता का विचारलं तर पालक आत आले की मुलं विचलित होतात म्हणाले. आमच्या प्रश्नावर उत्तर आलं, “सुरुवातीला रडतात, मग आपोआप थांबतात.” फॉर्म त्याच दिवशी भरला तर असेसमेंटच्या फीमध्ये सवलत होती. आम्ही निघून आलो. वाटेत दोघंही बोललो नाही, कारण आपण संधी घालवतोय की काय ही धास्ती दोघांनाही होतीच.

दुसरीकडे शुद्ध डीटीटी होती, पण तिथली माणसं वेगळी होती. आम्हाला काचेतून सेशन बघायला दिलं. थेरपिस्ट एका मुलाला सारख्या वस्तू जुळवायला शिकवत होती: आधी हाताला धरून, मग कोपराला हलका स्पर्श, मग नुसती खूण, मग तीही नाही. आधार असा पायरीपायरीने काढून घेणं मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि त्यातलं कौशल्य बघत राहावं असं होतं. त्या मुलाने मध्येच टेबल ढकललं तर तिने काम थांबवलं, ‘ब्रेक’चं कार्ड पुढे सरकवलं, त्याने त्यावर हात ठेवला आणि तो उठला. टेबलाशी बसून शिकवणं म्हणजे मुलावर अन्यायच, असं जे मी वाचून गेलो होतो ते तिथे टिकलं नाही. फक्त आमची लेक तेव्हा खुर्चीवर मिनिटभरही बसत नव्हती.

फ्लोअरटाइम करणाऱ्या ताईंकडे ती सगळ्यात जास्त रमली. त्या तिच्या शेजारी पालथ्या पडून गाडीचं चाक फिरवत होत्या, आणि अर्ध्या तासात लेकीने दोनदा त्यांच्याकडे बघून हसून चाक पुढे केलं. आम्हालाही घरी दिवसातून काही वेळा वीस-वीस मिनिटं असं खेळायला शिकवलं. ते आजही चालू आहे. पण सहा महिन्यांनी काय बदललं हे कसं मोजाल, याला त्यांच्याकडे नेमकं उत्तर नव्हतं. आम्हाला ते हवं होतं.

शेवटी जिथे नाव घातलं तिथे ईएसडीएमच्या वळणाचा कार्यक्रम होता. थेरपिस्ट जमिनीवर बसून गाणं म्हणायची, ऐन जागी थांबायची आणि वाट बघायची. लेकीने पाय हलवला, आवाज काढला, काहीही केलं की गाणं पुढे. उद्दिष्टं बारा आठवड्यांची, दर सेशनमध्ये साधारण पंधरा मिनिटांनी नोंद. आमच्या प्रश्नावर तिथल्या सुपरवायझर म्हणाल्या, “नको म्हणता येणं हेच पहिलं उद्दिष्ट ठेवूया का? आत्ता ती रडून सांगते. रडायची गरज पडू नये.” बायकोचे डोळे भरून आले.

इथेही यादीत होतो, साधारण सहा आठवडे. सही करण्याआधीच्या कागदांबद्दल थोडं लिहितो, कारण घाईत हेच वाचायचं राहतं. फी तासावर असते, पण असेसमेंट, कार्यक्रम लिहिणं, सुपरवायझरची भेट, पालकांचं सेशन आणि रिपोर्ट हे कधी तासात धरलेलं असतं, कधी वेगळं. महिन्याचा खरा खर्च जाहिरातीतल्या तासाच्या दरावरून कळत नाही, सगळं मिळून लेखी मागा. मूल आजारी पडलं तर सेशन बुडतं की बदलून मिळतं, कार्यक्रम सोडायचा तर किती दिवस आधी कळवायचं, व्हिडिओ कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार, नोंदींची प्रत आपल्याला मिळते का, हे सगळं करारात हवं. आणि मुलाबरोबर प्रत्यक्ष बसणार कोण? एबीएमध्ये रोजचं सेशन घेणाऱ्या आरबीटींचं, म्हणजे सुपरवायझरच्या हाताखाली काम करणाऱ्या प्रमाणित सहायकांचं, मूळ प्रशिक्षण ४० तासांचं असतं. ते उत्तम काम करू शकतात, पण त्यांच्यावर अनुभवी माणसाची नजर महिन्यातून किती वेळा असते हे विचारायलाच हवं.

आम्ही आठवड्याला दहा-बारा तास घेतले, त्यात एक पालकांचं सेशन. स्पीच थेरपी चालू ठेवली. तिची दुपारची झोप मोडायची नाही हे आधीच सांगितलं. आमच्या कमाईचा मोठा हिस्सा यात जात होता आणि बायकोने कामाचे तास कमी केले होते. चाळीस तास घेतले असते तर वर्षही निघालं नसतं. परवडत नाही म्हणून कमी तास घेणाऱ्यांनी स्वतःला दोषी समजू नये, असं मी आकडे वाचून आणि मनापासून म्हणतोय.

जूनमध्ये सुरुवात झाली. पहिले काही आठवडे ती दारापाशीच रडायची. आमच्यापैकी एक जण आत बसायचा. थेरपिस्टने त्या काळात काहीच शिकवलं नाही, नुसती तिच्या आवडीच्या गोष्टी करत राहिली. पैसे भरतोय आणि खेळ चाललाय, असं माझ्या मनात येई. महिनाभराने लेक दार उघडताच आत पळायला लागली तेव्हा त्या आठवड्यांचं काम मला दिसलं.

‘नको’साठी आधी हाताची खूण, मग चित्राचं कार्ड. कार्ड दिलं तर ती कधी बोलणारच नाही अशी आमची भीती होती. स्पीच थेरपिस्ट ताईंनी समजावलं की २००६ सालच्या एका आढाव्यात अशा साधनांमुळे बोलणं मागे पडल्याचं आढळलेलं नाही, उलट बहुतेकांचं थोडंफार वाढलं. सुरुवातीचे दिवस कठीण होते, कारण ती सगळ्यालाच कार्ड दाखवायची आणि आम्ही ते दर वेळी मानायचो. आंघोळ टाळता येत नाही, पण ‘आत्ता नको’ मानून दोन मिनिटांनी पुन्हा विचारता येतं. औषधासारख्या गोष्टीत नकार चालणार नसेल तर कार्ड पुढे करायचंच नाही, सरळ काय होणार आहे ते सांगायचं, हेही तिथेच शिकलो. ऑगस्टपर्यंत घरातलं रडणं स्पष्ट कमी झालं होतं.

पालकांच्या सेशनमध्ये आमचे खेळतानाचे व्हिडिओ काढून आमच्याबरोबर बसून बघायचे. पॅक्ट नावाच्या कार्यक्रमाचा हाच गाभा आहे. मुलाला शिकवण्याऐवजी आईबापांना मुलाच्या खुणा ओळखायला शिकवायचं. त्याचा १५२ मुलांवरचा अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तेव्हा लक्षणांवरचा परिणाम फारसा दिसला नव्हता, पण काही वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं तेव्हा माफक पण टिकून राहिलेला फरक दिसला. त्यावर बेतलेला एक कार्यक्रम गोवा आणि रावळपिंडी इथे, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून घरोघरी करून पाहिला गेला, आणि २०१६ च्या त्या अभ्यासात मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करणं वाढलं होतं. ज्यांच्या जवळपास सेंटर नाही त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. माझ्या व्हिडिओत मी सतत बोलत होतो: हे काय, कुठला रंग, सांग ना. मला प्रश्न बंद करून तिच्या एका शब्दावर एकच शब्द चढवायला सांगितलं. ती ‘बॉल’ म्हणाली की मी ‘मोठा बॉल’, आणि मग थांबायचं. थांबणं मला फार अवघड गेलं.

सप्टेंबरच्या रिव्ह्यूमध्ये हात धुणं हे उद्दिष्ट तिथल्या तिथेच होतं. सुपरवायझरनी त्यासाठी काटेकोर एबीएचीच पद्धत आणली. शेवटच्या पायरीपासून मागे यायचं. आधी फक्त हात पुसणं तिचं, बाकी आमचं, मग नळ बंद करणंही तिचं, असं. काही चित्रं ओळखणं पाच-पाच मिनिटं टेबलाशी घेतलं, आता ती बसत होती. टीचकडून घेतलेली दिवसाची चित्रपट्टी घरी दाराशी लावली. म्हणजे ज्या नावांमध्ये निवड करताना मी रात्री जागवल्या, ती तिच्या एका आठवड्यात शेजारी शेजारी नांदत होती.

डिसेंबरमध्ये तिची थेरपिस्ट सेंटर सोडून गेली. नवी माणसं आली, लेक पुन्हा दारापाशी रडू लागली, काही शब्द गेले. त्यातले बहुतेक फेब्रुवारीपर्यंत परतले. करारातच एक कलम मागून घ्या: थेरपिस्ट बदलताना जुन्या आणि नव्या दोघी काही सेशन एकत्र घेतील. आम्ही ते नंतर लिहून घेतलं.

मधल्या काळात नातेवाइकांकडून उपचारांचे निरोप येतच होते. स्टेम सेल, शरीरातले धातू काढणारं चिलेशन, हायपरबॅरिक ऑक्सिजन. डॉक्टरांनी सांगितलं की ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही आणि चिलेशनने मुलं दगावलेली आहेत. आम्ही प्रत्येकाला हेच उत्तर पाठवत राहिलो.

शेवटच्या रिपोर्टमध्ये संवादाचे गुण बरेच वर गेलेत, सवंगड्यांबरोबर खेळण्याचे जेमतेम. ती दोन शब्द जोडून मागते, चित्रं वापरते, हाक मारली की निम्म्या वेळा वळते. केस धुणं अजून मोठं संकट आहे. टॉयलेट ट्रेनिंग आम्ही पुढे ढकललं. हात फडफडवते आणि कुणी ते थांबवत नाही. यातलं किती थेरपीमुळे आणि किती वर्षभराच्या वाढीमुळे हे एका मुलीकडे पाहून सांगता येत नाही. अभ्यासांमधल्या दुसऱ्या गटांतली मुलंही पुढे गेलेली असतातच.

आता सेंटरचे तास निम्म्यावर आणलेत आणि सकाळी बालवाडी सुरू होतेय. बालवाडीच्या बाईंना जाड फाइल दिली तर ती उघडली जाणार नाही, म्हणून सुपरवायझरबरोबर बसून एका पानाचा कागद केला: ती काय वापरून बोलते, कशाने शांत होते, कोणता आवाज सहन होत नाही, कार्ड दाखवलं तर काय करायचं. बाईंनी तो वर्गात कपाटाच्या आत चिकटवलाय. पुनर्मूल्यांकन पुढच्या वर्षी आहे. त्याची तारीख मात्र रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हाच काउंटरवर मागून घेतली, कारण वेटिंग अजूनही चार-पाच महिन्यांचंच आहे.